पेच्चीअक्काची शिफारस

“आधी ते माझं नाव खोड!… खोड म्हणते ना!”

पेच्चीअक्काचा आवाज एवढा चढला की ओट्यावर पान लावत बसलेल्या करुप्पय्यामामाच्या बोटावरचा चुना धोतरावर पडला. इडलीच्या पिठात मीठ कालवता कालवता ती तशीच उठून आली होती, पिठाचे थेंब कोपरावरून खाली ठिबकत होते आणि तिला त्याचं भानही नव्हतं. समोर तिची धाकटी बहीण वेण्णिला मांडी घालून बसली होती. कोइमतूरच्या इस्पितळातून चार दिवसांची रजा काढून ती काल अचानक येऊन उभी राहिली होती, आणि आता तिच्या मांडीवर तो कागद होता… बायोडाटा!

बंगळूरच्या एका नामांकित संस्थेत तिला पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. दुखणाईत माणसाला आणि त्याच्या घरच्यांना बोलतं कसं करावं, त्यांच्या मनाला आधार कसा द्यावा, याचं ते शिक्षण. अर्ज आज संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. जागा मोजक्या, अर्ज ढिगाने, आणि या पोरीने त्यात ‘कामाचा अनुभव’ म्हणून इस्पितळातल्या नोकरीच्याही वर पहिल्याच ओळीत ते लहानपणचं काम लिहून ठेवलं होतं! वय वर्षे नऊ ते पंधरा. वरिष्ठ: पेच्चियम्माळ. शेजारी फोनचा नंबर.

“अक्का, मरगदम मॅडमच म्हणाल्या गं…”

“कोण ही मरगदम?”

“कॉलेजात शिकवायच्या त्या. मला विचारलं त्यांनी, अनोळखी माणूस तुझ्यापाशी बसल्या बसल्या मन मोकळं करतो, हे तू कुठे शिकलीस? तेव्हा मी पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं वेडे, मग हे सोडून बाकीचं सगळं का लिहिलंस?”

“तिला काय जातंय म्हणायला! तिच्या शेजारचं जेवणाचं पान उचलून कुणी दुसरीकडे जाऊन बसलं नसेल कधी!”

ते ऐकलं आणि वेण्णिलाची मान खाली गेली. मामा खोकल्यासारखं करून अंगणात निघून गेला. आणि पेच्ची… पिठाचा हात तसाच घेऊन दाराच्या चौकटीला टेकली. किती वर्षं झाली होती, पण त्या एका वाक्याने सगळे दिवस पुन्हा दारात येऊन उभे राहिले.

शोलवंदानच्या पानमळ्यांच्या कडेला त्यांची वस्ती. आई ओप्पारी गायची. आसपासच्या गावांत कुणाचं मरण झालं की डफ घेऊन करुप्पय्यामामा आणि त्याच्यामागे आई निघायची, तिथल्या बायांच्या गळ्यात गळा घालून बसायची आणि गेलेल्या माणसाच्या नावाने असा काही शोक मांडायची की दगडालाही पाझर फुटावा. आई गेली तेव्हा पेच्ची विशीलाही टेकली नव्हती आणि वेण्णिला आठ वर्षांची होती. आईचा गळा पेच्चीकडे आला, आणि गळ्याबरोबर कामही. पोरीला घरी ठेवणार कुणापाशी? तीही परकराचा ओचा सावरत मागे मागे चालू लागली.

या कामाची एक रीत आहे. गेल्या गेल्या सूर लावायचा नसतो. आधी हळूच विचारायचं असतं. गेलेल्याला काय आवडायचं? तो कुणावर जीव लावायचा, कुणावर डाफरायचा? कोण यायचं राहिलं आहे? मग ते सगळं गाण्यात गुंफायचं, म्हणजे ते रडणं त्याच घरचं होतं. हे विचारण्याचं काम वेण्णिलाने केव्हा आपल्याकडे घेतलं ते पेच्चीला कळलंसुद्धा नाही! मोठ्या माणसांना सांगायला लाज वाटे ते लोक त्या चिमुरडीला सांगत. ती चुलीपाशी बसलेल्या म्हातारीच्या पदराला धरून दोन गोष्टी काढून आणायची, गोठ्यात तोंड फिरवून उभ्या असलेल्या मुलाकडून एक गोष्ट आणायची, आणि अक्काच्या कानाशी लागून सांगायची.

आणि ते नारळवाल्या म्हाताऱ्याचं घर! पेच्ची ते घर जन्मात विसरणार नव्हती. त्याची लेक दोन दिवस नुसती भिंतीकडे बघत बसली होती. पाणी नाही, शब्द नाही, डोळ्यांत टिपूस नाही. बाया घाबरून गेल्या होत्या. पेच्चीने दोन कडवी म्हटली, मामाने डफ फोडायचा बाकी ठेवला, तरी काही नाही… आणि मग एकाएकी तिच्या मांडीशी बसलेल्या त्या नऊ वर्षांच्या पोरीने स्वतःच सूर धरला.

“कॉफी निवली, अप्पा… निवली की हो कॉफी… आता तरी ओरडा, अप्पा!”

एवढंच. पण ती लेक अंगातलं त्राण गेल्यासारखी कोसळली, आणि अशी रडली, अशी रडली की तिला धरायला दोन बाया लागल्या. निघताना तिच्या सासूने वेण्णिलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “या पोरीने माझी सून मला परत दिली गं.” त्या दिवसापासून जो तो म्हणू लागला, धाकटीलाही घेऊन या.

परत येताना वैगेच्या काठाने दोघी चालत यायच्या. नदीत बुडी मारून, ओल्या केसांनी, हातात हात घालून. वेण्णिला पडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या वेचायची आणि रस्ताभर तिची बडबड चालू असायची. इतकं रडून आलेल्या पोरी इतक्या हसत घरी जातात हे कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे! पण ते दिवस सुखाचे होते. आजही पेच्चीला कुणी विचारलं असतं की तुझ्या आयुष्यातलं सुख कोणतं, तर तिने त्या ओल्या केसांच्या वाटेचंच नाव घेतलं असतं.

मग ते शाळेतलं झालं. जेवणाच्या सुट्टीत एका मुलीने वेण्णिलाला ओळखलं. “ही तर मेल्यावर रडायला येणारी! आमचे आजोबा गेले तेव्हा आली होती!” आणि पंक्तीतल्या पोरींनी एकेक करून आपापलं पान उचललं. वेण्णिला घरी येऊन काही बोलली नाही, फक्त चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी तिच्या तोंडून ते बाहेर पडलं, आणि त्याच दिवशी पेच्चीने मनाशी पक्कं केलं. ही पोर आता गाणार नाही. जिथे आपलं तोंड कुणी ओळखत नाही अशा जागी ती जाईल आणि शिकेल!

मदुरैच्या वसतिगृहात नाव घातलं. बहीण काय करते असं तिथे विचारलं तेव्हा पेच्चीने मामाकरवी सांगून टाकलं, शिवणकाम करते. स्वतः तिथे पाऊल टाकलं नाही. तिचा चेहरा दहा गावांत माहीत, कुणीतरी ओळखायचं आणि पोरीच्या शेजारचं पान पुन्हा उठायचं! दर महिन्याला मामाबरोबर ती मदुरैला जायची; मामा मुरुक्कूच्या चकल्यांचा डबा घेऊन आत जायचा आणि ही रस्त्याच्या पलीकडे, फुलवालीच्या टपरीआड उभी राहायची. खिडकीशी एक निळी रिबीन दिसली की तिचं पोट भरायचं. मधे राजपाळयमच्या सूतगिरणीतल्या एका भल्या माणसाचं स्थळ आलं होतं. तो म्हणाला, हे काम सोड, पोरीचं मामावर सोपव, आणि तू ये. पेच्चीने त्याने पाठवलेला गजरा एक दिवस उशाशी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला. हे काही वेण्णिलाला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होऊ नये म्हणूनच तर पेच्ची इतकी वर्षं धडपडली होती.

पण या सगळ्याहून खोल असं एक शल्य तिच्या काळजात होतं. वेण्णिला वसतिगृहात जायला निघाली त्या सकाळचं. पेच्ची दारात उभी होती. घरातून निघणारं माणूस ‘जाऊन येते’ म्हणतं. परका माणूससुद्धा म्हणतो. पेच्ची त्या एका शब्दासाठी पदर तोंडाशी धरून वाट पाहत होती… आणि पोरीने पिशवी खांद्याला लावली, उंबरा ओलांडला, आणि शब्द न बोलता, मागे वळूनही न पाहता ती निघून गेली! तसं कुठून निघतात ते पेच्चीइतकं कुणाला माहीत असणार? मेलेल्याच्या घरून. तिथून ‘येते’ म्हणायचं नसतं, मागे पाहायचं नसतं. म्हणजे माझ्या पोरीला हे घर मेलं, आणि घराबरोबर मीही मेले… तेव्हापासून वेण्णिला सुट्टीला येऊन परत निघायची वेळ झाली की पेच्ची कळशी उचलून नळावर निघून जायची. ऐकायला न येणारा शब्द पुन्हा न ऐकण्याची तिची ती युक्ती होती.

“काय लिहिलंयस ते तरी वाच,” पेच्ची म्हणाली. राग ओसरला होता, थकवा तेवढा उरला होता.

वेण्णिलाने कागद डोळ्यांपुढे धरला. “‘ग्रामीण सांस्कृतिक कार्यक्रमांत लोककलेचं सादरीकरण…’”

“काय?”

“सांस्कृतिक कार्यक्रमांत…”

“कार्यक्रम!” पेच्चीचा आवाज पुन्हा चढला, पण या वेळी त्याचा सूर निराळाच होता. “मयताच्या घरी कार्यक्रम असतो होय गं? आपण काय स्टेजवर माइक धरून गात होतो? मामा, ऐका तुमची शिकलेली भाची काय म्हणते ते!”

“मग मी पण कलाकारच की!” मामा अंगणातून म्हणाला. “मला शाल कुठाय?”

“मी घाबरले अक्का,” वेण्णिला हळूच म्हणाली. “सरळ लिहिलं तर लोक हसतील असं वाटलं.”

पेच्ची तिच्यासमोर येऊन बसली. अजब होतं तिचं मन! घटकाभरापूर्वी ती ओळच नको म्हणून ती भांडत होती, आणि आता त्या ओळीला कुणी भलताच अंगरखा चढवला म्हणून तिच्या जिवाची तगमग होत होती. आईचं काम होतं ते. नारळवाल्याच्या लेकीला त्या कामाने परत आणलं होतं.

“लिहायचं असेल तर खरं लिही,” ती म्हणाली. “नाहीतर लिहूच नको. अर्धवट झाकलेलं जास्त दिसतं.”

मग तो सगळा दुपारचा वेळ दोघी त्या कागदावर वाकून बसल्या. इडलीचं पीठ तसंच राहिलं. वेण्णिला लिहायची, वाचून दाखवायची, पेच्ची म्हणायची, “एवढं रडगाणं नको. आपल्याला दया नकोय त्यांची. काय करायचीस ते सांग.” शेवटी चार सरळ वाक्यं उरली. मरणघरी ओप्पारी गाणाऱ्या आपल्या बहिणीबरोबर मी काम केले. शोकात असलेल्या माणसांशी बोलून गेलेल्याच्या आठवणी गोळा करणे हे माझे काम होते. त्या आठवणी गाण्यात येत. हे मी नवव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत केले. पेच्चीचं नाव होतं तिथेच राहिलं, आणि दिवेलागणीच्या आधी अर्ज गेला.

रजेच्या शेवटच्या दिवशी फोन आला. वेण्णिलाने जवळ थांबायचं नव्हतं, तसा नियमच होता, म्हणून ती परसात धुणं घेऊन गेली. पेच्चीने पदर नीट केला, फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडची बाई तमिळच बोलत होती, पण कानडी वळणाचं.

“वेण्णिला यांच्या वरिष्ठ आपणच?”

“मी अक्का तिची. कामात मोठी मीच होते.”

“त्या वेळेवर यायच्या का कामाला?”

“मरण काय वेळ सांगून येतं होय बाई?”

पलीकडून हसू ऐकू आलं. मग बाईंनी कामाचं विचारलं, आणि पेच्चीने सगळं सांगितलं. निवलेली कॉफी सांगितली, गोठ्यातला मुलगा सांगितला, पोरीने आपल्यासाठी कधी घासभर भाताचासुद्धा हट्ट कसा केला नाही ते सांगितलं. सांगता सांगता तिला वाटलं, या पोरीचं कौतुक आपण आजवर कुणापाशी केलंच नव्हतं! त्या कौतुकाला जागाच नव्हती कुठे.

“आणि एखादा दोष?” बाईंनी विचारलं. “सगळ्यांचा विचारतो आम्ही. तुम्हाला खटकलेलं काही?”

नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

“ती… जाताना सांगत नाही,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“म्हणजे?”

“जाऊन येते म्हणत नाही हो! उठते आणि निघून जाते, मागे बघत नाही… जिथे मरण झालं तिथून असं निघायचं असतं बाई, आमच्याकडे तशीच रीत आहे. पण माझ्या घरी कोण मेलं होतं? मी तर जिवंत उभी होते दारात! तिच्या एका शब्दासाठी उभी होते…” आणि दहा गावांना रडवणाऱ्या त्या बाईच्या गळ्यातून हुंदका फुटला, ज्याला ना सूर होता ना ताल. तिने कसंबसं स्वतःला आवरलं. “हे लिहू नका हां बाई. तुमच्या कामाचं नाही ते. काम ती चोख करायची.”

“नाही लिहीत, अम्मा,” पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं.

फोन ठेवून पेच्ची वळली, तर परसदारात वेण्णिला उभी होती. हातातल्या पिळलेल्या लुगड्याचं पाणी पायांवर गळत होतं.

“अक्का…” ती म्हणाली. “मला तसं निघायला कुणी शिकवलं गं?”

“कुणी?”

“तू! पहिल्याच घरी मी त्या मावशींना ‘जाऊन येते’ म्हटलं, तर तू दंडाला असा चिमटा काढलास की काळंनिळं झालं होतं. आठवतंय? म्हणालीस, परत येते म्हणजे काय परत मरण मागतेस यांच्याकडे? गुपचूप उठायचं, मागे बघायचं नाही. मी ते पाठ केलं अक्का! आणि त्यानंतर मी कुठल्या घरातून बाहेर पडले, सांग? लग्नाला आपल्याला कुणी बोलावलं होतं? बारशाला? ओप्पारीवाल्यांना मंगलकार्यात कोण उंबऱ्याशी उभं करतं? सगळी मरणाचीच घरं… मला वाटलं, कुठूनही निघायची रीत तीच असते!”

पेच्चीने चौकट घट्ट धरली. तो चिमटा… तो तिचाच होता! तिने शिकवलेलं त्या लेकराने इमानाने पाळलं होतं, आणि तिने त्याचाच काटा करून इतकी वर्षं काळजात वागवला होता.

“मैत्रिणीच्या घरी गेले तेव्हा कळलं मला,” वेण्णिला रडत होती. “तिची आई म्हणाली, पोरी, जाऊन येते म्हणावं. मी तिथेच रडले. पुढच्या सुट्टीत ठरवून आले होते तुला सांगायचं… तर निघताना तू नळावर! दर वेळी नळावर! वसतिगृहातही तू एकदासुद्धा आली नाहीस. मला वाटलं, माझी ब्याद गेली एकदाची म्हणून…”

“गप! गप बस!” पेच्चीने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. “येत होते गं मी… समोरच्या फुलवालीच्या टपरीआड… तुझी निळी रिबीन दिसेपर्यंत हलत नव्हते मी तिथून!”

वेण्णिलाच्या हातातलं लुगडं खाली पडलं. मग जसं लहानपणी नदीवरून आल्यावर शिरायची तसं तिने अक्काच्या कुशीत डोकं खुपसलं, आणि दोघी इतक्या रडल्या, इतक्या रडल्या की मामा ओट्यावरून ओरडला, “अगं, शेजारचे येतील विचारायला, कोण गेलं म्हणून!” त्यावर आधी पेच्चीला हसू फुटलं, मग वेण्णिलाला.

पुढे वेण्णिलाला तिथे प्रवेश मिळाला. मुलाखतीत पाचजणांपुढे तिने निवलेल्या कॉफीची गोष्ट सांगितली आणि कुणी हसलं नाही. पण ते नंतरचं. या घरात व्हायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच होऊन गेलं, ती कोइमतूरला परत निघाली तेव्हा.

पेच्ची नळावर गेली नाही. चिंचभाताची पुडी पिशवीत घालून ती दारात उभी राहिली. वेण्णिलाने पिशवी खांद्याला लावली, उंबरा ओलांडला, आणि थांबली. वळली.

“अक्का, जाऊन येते.”

पेच्चीला ‘जाऊन ये’ म्हणायचं होतं. तीन शेतं ओलांडून जाणारा तो गळा, पण त्यातून अक्षर फुटेना! तिने नुसती मान हलवली. वेण्णिला हसली आणि चालू लागली. ती पानमळ्याच्या वळणाशी पोचली तेव्हा कुठे पेच्चीचा आवाज फुटला.

“नीले! ए नीले! परत ये!”

“निघालेल्या माणसाला मागून हाक मारतात होय गं?” मामा करवादला.

वेण्णिला धापा टाकत परत आली. “काय झालं? काही राहिलं का माझं?”

“तुझं नाही. माझं राहिलं,” पेच्ची म्हणाली. “परत आलीस ना, मग आधी बस. पाणी पी. मग नीघ.”

वेण्णिला ओट्यावर बसली, पाणी प्यायली. अक्काकडे बघितलं, आणि तिला कळलं. ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा पिशवी खांद्याला लावली.

“अक्का, जाऊन येते.”

“जाऊन ये गं बाई,” पेच्ची म्हणाली. “जाऊन ये.”